चार गोळ्या कापून द्या

आमच्या दुकानात सगळ्यात जास्त राबते ती कात्री. दहाची पट्टी अख्खी घेणारं गिऱ्हाईक निम्मंच. बाकीच्यांचं ‘चार कापून द्या’, ‘दोनच द्या, उद्याचं उद्या बघू’, ‘एकच द्या हो, आजच्या रात्रीपुरती.’ कुणाच्या खिशात चारच गोळ्यांचे पैसे असतात, कुणाचा डॉक्टरवर तेवढाच विश्वास असतो. आम्ही कापतो. बॅच नंबर आणि एक्सपायरी आपल्याकडच्या तुकड्यावर राहील अशा बेतानं कापायचं, हे मेडिकलवाल्याचं पहिलं शिक्षण. डी.फार्मच्या दोन वर्षांत ते कुणी देत नाही, काउंटरवर मिळतं.

सांगलीत मारुती रोडच्या आसपास माझं दुकान आहे. २८ वर्षं झाली. हात इतका सरावलाय की गिऱ्हाईकाचं बोलणं संपायच्या आत औषध काउंटरवर येतं. ‘तुमच्याकडं ताटकळायला लागत नाही’ असं लोक म्हणतात आणि मी ते कौतुक म्हणून ऐकत आलो.

झोपेची गोळी मात्र कुणी झोपेची गोळी म्हणून मागत नाही. निदान पहिल्या दिवशी तरी नाही. आधी ॲसिडिटीची मागतात. मग ताकदीची. मग चक्कर येते त्याची. ‘छातीत धडधडतंय, ईसीजी काढला तर काय न्हाई म्हणाले.’ ‘हातापायातनं वाफा निघत्यात बगा.’ ‘डोकं बधिर झाल्यावानी वाटतंय.’ ‘अन्न ग्वाड लागंना.’ ‘दारात पावणं आलं तरी उठूशी वाटंना वो.’ मी ॲसिडिटीची गोळी देत होतो, बी-कॉम्प्लेक्स देत होतो, आणि फारच ओळखीचं माणूस असलं तर, आता लिहितोच, चिठ्ठीशिवाय चार झोपेच्या गोळ्याही कापून दिल्यात.

मध्यंतरी आमच्या भागातल्या औषध विक्रेत्यांसाठी एक शिबिर झालं. मानसिक आजार काउंटरवर कसा ओळखायचा आणि ओळखल्यावर काय करायचं, हा विषय. दोन रविवार, विश्रामबागेतला एक हॉल, चाळीसेक जण. इतर वारी कुणी दुकान सोडत नाही म्हणून रविवार. उपमा, दुपारचं जेवण आणि भिंतीवर टांगायला एक सर्टिफिकेट, एवढ्यासाठीच बहुतेक जण आले होते. मीही त्यातलाच.

शिकवायला मिरजेकडचे एक मानसोपचार डॉक्टर होते. त्यांनी फळ्यावर ‘डिप्रेशन’ लिहिलं आणि विचारलं, ‘हा शब्द गेल्या महिन्यात तुमच्या काउंटरवर किती जणांनी उच्चारला?’ एकही हात वर झाला नाही. ‘मग काय म्हणतात ते?’

जरा वेळ सगळे एकमेकांकडं बघत राहिले. मग जतकडचा एक जण म्हणाला, ‘जिवाला करमंना.’ तासगावचा म्हणाला, ‘काळीज हालतंय.’ मागून कुणीतरी, ‘डोक्यात इचारांचं मोहळ उठलंय.’ आणि मग लोक थांबेचनात. ‘रान खायला उठतंय.’ ‘नुसतं पडून ऱ्हावं वाटतंय.’ ‘पोरं जवळ आली की चीड येती.’ फळा भरला, बाजू भरल्या, डॉक्टर खाली बसून लिहायला लागले. शेवटी खडू ठेवून म्हणाले, ‘हे सगळं तुमच्याजवळ आधीपासून होतं. फक्त तुम्ही त्याला पित्त म्हणत होता.’

ते झोंबलं. पण खरं होतं.

या शिकवणीचं मूळ ऑस्ट्रेलियात आहे. २००० साली बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म या नवरा-बायकोनं तिची सुरुवात केली. ती आरोग्यशिक्षण देणारी नर्स, तो मानसिक आरोग्याचा संशोधक. संध्याकाळी कुत्र्याला फिरवताना त्यांच्या डोक्यात आलं की रस्त्यात कुणी कोसळलं तर काय करायचं हे आपण लोकांना शिकवतो, मग मनानं कोसळलेल्याला धरायचं कसं हे का नाही शिकवत? त्याला नाव पडलं मानसिक प्रथमोपचार. पुढं सिडनी विद्यापीठात फार्मसीच्या विद्यार्थ्यांना हे शिकवून पाहिलं. २०११ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात शिकलेली मुलं आजार जास्त नेमका ओळखत होती आणि आजारी माणसापासून कमी बिचकत होती. फार्मासिस्टच का, तर दर महिन्याला औषधाला येणारा माणूस डॉक्टरला तीन महिन्यांनी भेटतो, आम्हाला दर महिन्याला. शिवाय आमच्याकडं केसपेपर काढावा लागत नाही. पायरी चढली की झालं.

आम्ही शिकलो तो अभ्यासक्रम कसला होता? मज्जासंस्थेवरची औषधं, एक धडा. सर्पगंधेच्या मुळाचा आडवा छेद मी प्रॅक्टिकलच्या वहीत शिसपेन्सिलीनं इतका सुबक काढला होता की सरांनी वर्गात फिरवला. पण १९३१ साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस या दोघांनी याच मुळाचा रक्तदाबावर आणि वेडावर उपयोग होतो असं लिहिलं, हे मला दुकान टाकून पंधरा वर्षं झाल्यावर कळलं. छेद पाठ, माणूस कोरा.

शिबिरातला एक प्रकार मात्र विसरणार नाही. भास होऊन कानात आवाज ऐकू येणाऱ्या माणसाचं काय होतं ते कळावं म्हणून तिघांची टोळी करायची. एक गिऱ्हाईक, एक मेडिकलवाला, आणि तिसऱ्यानं वर्तमानपत्राची सुरळी करून गिऱ्हाईकाच्या कानात सतत कुजबुजायचं. मी गिऱ्हाईक झालो. समोरचा मला सांगतोय, ही गोळी सकाळी जेवणानंतर, ही अर्धी रात्री, ही आठ दिवस एक आणि नंतर दोन. कानात दुसरा: ‘बघ कसा बघतोय तुझ्याकडं. हसतोय. यानं तुझ्या बायकोला फोन केलाय. घेऊ नको ती गोळी.’ कुजबुजणारा माझा वीस वर्षांचा दोस्त, वाळव्याचा, मला माहीत आहे तो थट्टा करतोय. तरी दोन मिनिटांत मला घाम फुटला आणि कुठली गोळी सकाळची ते काही केल्या सांगता येईना. आमच्याकडं एक पोरगा येतो, औषध समजावताना कायम दुसरीकडं बघतो, दोनदा सांगावं लागतं. मी त्याच्यावर कितीतरी वेळा खेकसलोय, ‘लक्ष कुठंय रे तुझं?’

दुसऱ्या रविवारी डॉक्टर धोक्याच्या खुणांवर आले. माणूस बरेच दिवस खचलेला असतो आणि अचानक शांत होतो. वस्तू वाटून टाकतो. आवराआवर करतो, कुणाचं काही ठेवत नाही.

माझं लिहिणं तिथंच थांबलं.

आमच्या गल्लीच्या मागच्या बाजूला एक निवृत्त गुरुजी राहायचे. बायकोची बीपीची आणि शुगरची औषधं आमच्याकडून, खात्यावर. पेन्शन झाली की थोडे द्यायचे, थोडे राहायचे. बाई जानेवारीत गेल्या. त्यानंतर खरं तर गुरुजींना दुकानात यायचं कारण नव्हतं, पण ते यायचे. एक तापाची गोळी. एक बँडेजची पट्टी. दोन रुपयांची वस्तू घ्यायची आणि काउंटरच्या कडेला हात ठेवून उभं राहायचं. मागं गर्दी असली की मी म्हणायचो, ‘गुरुजी, जरा बाजूला होता का?’ ते व्हायचे. माझ्या हाताला वेग होता ना.

मे महिन्यात एक दिवस आले, दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. ‘खातं मिटवून टाका हो.’ मी वही काढली. १,१४० रुपये. त्यांनी नोटा मोजून दिल्या, मी पानावर तिरकी रेघ मारली. वाकून त्यांनी ती बघितली. ‘झालं ना सगळं?’ मी म्हणालो, ‘झालं गुरुजी, आता नवीन पान.’ ते हसले. मला त्या दिवशी बरं वाटलं, जुनी उधारी आली, आणि गुरुजीही सावरले म्हणून.

चौथ्या दिवशी सकाळी गल्लीत गर्दी दिसली.

मातीला गेलो तेव्हा लोक म्हणत होते, माणूस सचोटीचा, जाताना किराणावाल्याचं, दूधवाल्याचं, कुणाचं काही ठेवलं नाही. मीही मान हलवली. मी तर त्यात भर घातली, ‘माझेही सगळे देऊन गेले.’

शिबिरात सगळ्यांसमोर मी हे सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांना गाठून सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही, ते बरं केलं. म्हणाले, ‘दुपारी जे शिकवणार आहे त्यात तुम्ही पुढं बसा.’

दुपारी शिकायची होती एक ओळ. समोरच्याला सरळ विचारायचं की मरावंसं वाटतं का. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार भरतो ही समजूत खोटी आहे. उलट कुणीतरी विचारल्यानं माणसाची मूठ सैल होते, असं डॉक्टर सांगत होते. सांगणं सोपं. म्हणून दाखवा म्हटल्यावर चाळीस माणसांची तोंडं वाळली. आपल्या भाषेत या गोष्टीला फार पडदे आहेत. ‘काही बरंवाईट तर करणार नाही ना?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच द्यावं लागतं. विचारणारा आधीच हात जोडून उभा असतो. ‘आत्महत्या’ म्हटलं की पोलीस चौकी आठवते. खरं म्हणजे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणाऱ्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला धरलंय, शिक्षा नको, उपचार द्या म्हटलंय; पण शब्दाचा वास कायद्यानं जात नाही. कुणी म्हणालं ‘जीव द्यावासा वाटतो का’, कुणी ‘जगणं नकोसं झालंय का’. पलूसचा एक तरणा पोरगा, नुकतं दुकान टाकलेला, त्यानं मान खाली घालून विचारलं, ‘दादा, मरावं असं येतं का हो मनात?’ हॉल गप्प झाला. त्यातला ‘दादा’ आणि त्यातला ‘हो’. डॉक्टर म्हणाले, ‘हे लिहून घ्या.’

आणि उत्तर ‘हो’ आलं तर? तर एकट्याला सोडायचं नाही, घरच्या एका माणसाला बोलवायचं, डॉक्टरला आपल्या फोनवरून फोन लावून द्यायचा, सिव्हिलला न्यायची व्यवस्था बघायची. नुसतं ‘डॉक्टरला दाखवा’ म्हणून वाटेला लावायचं नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेला, सरकारी, फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलतात. आमच्या दुकानात ‘उधार मागू नये’ या पाटीच्या खाली मी तो मोठ्या आकड्यांत चिकटवलाय. वरची पाटी तशीही कुणी मनावर घेत नाही.

शिबिराच्या शेवटी एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. चाळिशीच्या, शिक्षिका. अकरा वर्षं औषध घेतात, नोकरी करतात, दोन मुलं. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही सगळे माझ्याशी फार जपून वागता. बीपीची गोळी काउंटरवर ठेवता, पैसे घेता, हसता. माझी पिशवी मात्र खाकी, स्टेपल मारलेली, आणि काउंटरच्या खालून. मी पण मग तशीच घेते, पदराआड. पहिली दोन वर्षं मला वाटायचं की मीच काहीतरी चोरून नेतेय.’

मला वाटत होतं आपण केवढं झाकून ठेवतो लोकांचं! दुसऱ्याच दिवसापासून मी खाकी पिशव्या बंद केल्या, आणि तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ चिडले, ‘अहो, उघडी काय देताय, सून बघेल!’ तेव्हा आता विचारतो: ‘पिशवी कशी हवी?’ याहून शहाणपणाचं काही मला सुचलेलं नाही.

पहिले पंधरा दिवस मी बिघडलोच होतो. ज्याला त्याला डिप्रेशन. भाडेकरू गप्प दिसला, नैराश्य. मेव्हणा जास्त बोलला, उन्माद. बायको म्हणाली, ‘माझं नुसतं डोकं दुखतंय, गोळी देणार आहात की मुलाखत घेणार आहात?’ निदान आपलं काम नाही, हे डॉक्टरांनी दहा वेळा सांगूनही दोन दिवसांचं सर्टिफिकेट डोक्यात गेलंच. मग हळूहळू जमिनीवर आलो. आता दोनच गोष्टी बघतो: किती दिवस झाले, आणि झोप, जेवण, काम हे तिन्ही बिघडलंय का. दोन आठवडे उलटले असले की फ्रिजशेजारच्या स्टुलावर बसवतो. स्टूल नवीन आणलंय, एवढाच काय तो भांडवली खर्च.

त्या स्टुलावर पहिल्यांदा बसल्या त्या एक मावशी. त्यांच्या मुलाला रिस्पेरिडोनचे ड्रॉप्स लिहून दिलेत. सव्विशीतला मुलगा, कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय असं त्याला वाटतं. मावशी दर महिन्याला बाटली नेतात, मी देतो. सहा महिन्यांत मी एकदाही विचारलं नव्हतं की देता कसं. त्या दिवशी विचारलं. इकडं तिकडं बघून म्हणाल्या, ‘तो कुठला घेतोय? मला काय झालंय म्हणतो. मी सकाळी चहात घालते.’

‘फरक?’

‘कुठला फरक, दादा. देवऋषी झाले, तासगावच्या गणपतीला नवस झाला.’

हे औषध चहात घालायचं नसतं. चहात आणि कोलात ते बिघडतं, हे त्याच्या माहितीपत्रकावर छापलेलं आहे. पाण्यात चालतं, संत्र्याच्या रसात चालतं, साय काढलेल्या दुधात चालतं. सहा महिने त्या माउलीनं पहाटे उठून, पोराची नजर चुकवून थेंब मोजले आणि ते असे वाया गेले. आणि ज्याला हे माहीत असायला हवं तो मी बाटलीवरची किंमत वाचून पैसे घेत होतो.

पण पुढचं अवघड होतं. दूध सांगितलं म्हणजे चोरून देण्याला मीच वाट दाखवली. ज्याचं औषध त्याला ते कळलं पाहिजे, हा त्याचा हक्क. कायदाही तेच म्हणतो. मी म्हटलं, ‘मावशी, डॉक्टरांना सांगा तुम्ही असं देताय ते. लपवू नका.’ त्या म्हणाल्या, ‘पोराला कळलं तर घर सोडून जाईल.’ आई बोलतेय, तिच्यासमोर हक्काची कलमं काय वाचायची! मी दूध सांगितलं. डॉक्टरांना त्यांच्यासमोर फोनही लावला. दूध सांगायला हवं होतं की नको, याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही. हल्ली मुलगा मावशींना गाडीवरून सोडायला येतो. आत येत नाही. रस्त्यापलीकडं गाडीवर बसून दुकानाकडं बघत राहतो. मी हात करतो. एकदा त्यानंही केला.

देवऋषीचं म्हणाल तर मी आता त्यांच्यावर हसत नाही. शेजारच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, ते डॉक्टर झाले ते आमच्या मिरजेत. त्यांनी ज्या कायद्यासाठी जन्म घालवला तो त्यांच्या खुनानंतर २०१३ सालीच आला आणि भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं गुन्हा ठरलं. मारहाण, साखळदंड दिसला तर गप्प बसणार नाही. पण अंगारा लावून गोळी घेणारं माणूस, गोळी नाकारणाऱ्यापेक्षा मला केव्हाही चालेल. ‘अंगारा लावा, गोळी चुकवू नका’ एवढंच म्हणतो. शुद्ध विचारांची माणसं माझ्यावर रागावतील.

आमची खरी ताकद औषधं एकमेकांशी कशी भांडतात हे माहीत असण्यात आहे, आणि मनाच्या औषधांच्या बाबतीत आम्ही ती वापरतच नव्हतो. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार, लिथियमवर, म्हणजे मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर, सात वर्षं झकास. एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या दिवसांत आले, पाठ धरलेली, ‘ती दुखण्याची कडक गोळी द्या’ म्हणाले. नोटा मोजताना त्यांची बोटं थरथरत होती. दहाच्या दोन नोटा खाली पडल्या, उचलायला वाकले तर तोल गेला. उन्हात काम, दोन दिवस जुलाब, आणि बीपीसाठी कुणीतरी मीठ तोडायला सांगितलेलं. गावातल्या दुकानातून चार दिवस दुखण्याची गोळी चालूच होती. लिथियम म्हणजे मिठाचंच भावंड. शरीरात मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या त्यात भर घालतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, गडी सकाळीच घेऊन आलाय. मी गोळी दिली नाही, डॉक्टरांना फोन केला, मुलाला बोलावून तपासणीला पाठवलं. रक्तात १.९ निघालं, १.५ च्या पुढं विषबाधा सुरू होते. पाच दिवस ॲडमिट होते. आता दरवर्षी छाटणीच्या आधी मीच फोन करतो.

झोपेच्या गोळ्यांबद्दल बोलायचं राहिलं. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम ही मंडळी शेड्यूल एच-१ मध्ये गेली. लाल चौकटीची सूचना, वेगळं रजिस्टर, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपून ठेवायचं. माझं रजिस्टर चोख आहे, इन्स्पेक्टरनं कधीही यावं. माणूस कसा दिसत होता, याला त्यात रकाना नाही. आणि चिठ्ठीशिवाय ‘ओळखीच्या’ चार गोळ्या दिल्या त्या तर कुठल्याच रकान्यात नाहीत. ओळखीच्या माणसाला दिल्या हेच त्यातलं वाईट. महिन्या दोन महिन्यांत सवय लागते, मग एकदम थांबवल्या तर हातपाय कापतात, कुणाला झटकेही येतात. म्हणजे मी उपकार म्हणून एक नवीन दुखणं दिलं. ते मी बंद केलंय. चार-पाच गिऱ्हाईकं तुटली, समोरच्या गल्लीत गेली असावीत.

कात्री मात्र कामाला आली, वेगळ्याच रीतीनं. ब्रिटनमध्ये १९९८ साली वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं कायद्यानं लहान केली आणि त्या गोळ्यांनी होणारे मृत्यू कमी झाले, हे शिबिरात ऐकलं. हाताशी कमी असणं हाच बचाव. आता डॉक्टरांशी बोलून तीन घरांची औषधं मी आठवड्याचीच कापून देतो, महिन्याची नाही. सोमवारी कुणीतरी येतं, सात दिवसांच्या नेतं. मलाही सोमवारी एक तोंड बघायला मिळतं.

या सगळ्याला पैसे कोण देणार, असा प्रश्न शिबिरात एकानं विचारला होता आणि सगळे हसले होते. तो प्रश्न अजून तिथंच आहे. स्टुलावरच्या दहा मिनिटांत काउंटरवरची चार गिऱ्हाईकं जातात, आणि रस्त्यावर २० टक्के सूट देणारे बोर्ड रोज वाढतायत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीत, आजारानुसार १०० पैकी ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं निघालं होतं. ही ७०-९२ माणसं कुठंतरी असतीलच ना. माझ्या मते ती ॲसिडिटीच्या गोळीच्या रांगेत उभी असतात.

पावसाळ्यात ती रांग लांब होते, हे मात्र सांगलीबाहेरच्यांना कळायचं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. माझ्या दुकानात काउंटर बुडाला, वरच्या दोन फळ्या तेवढ्या वाचल्या, ओल्या औषधांची पोती भरून टाकली. तेव्हापासून जुलै लागला की लोक औषध मागायच्या आधी विचारतात, ‘आयर्विनला किती फूट?’ एक वहिनी आहेत, गावभागातल्या. पाऊस सलग दोन रात्री पडला की त्या धान्याचे डबे, कागदपत्रांची पेटी, गॅसची शेगडी एकटीनं माळ्यावर चढवतात, पाणी २० फुटांवर असलं तरी. मग रात्रभर खिडकीशी. सकाळी माझ्याकडं कंबरदुखीचं मलम. तीन पावसाळे मी मलम दिलं. चौथ्याला विचारलं, ‘वहिनी, कंबर कशानं धरते?’ बसल्या, आणि पाऊण तास बोलल्या. मलमाची ट्यूब हातात तशीच. आता त्या सिव्हिलला मानसोपचाराच्या ओपीडीत जातात. डबे अजून चढवतात, पण यंदा मुलाला उठवून, दोघांनी मिळून.

यंदा उन्हाळ्यात, हळदीचे सौदे जोरात चालू असताना, एक शेतकरी आले. वडिलांची दम्याची औषधं खात्यावर असतात. दुपारची वेळ, दुकानात दोघं-तिघं.

‘मालक, खातं मिटवा. सगळं.’

माझ्या हातात कुणाची तरी पट्टी होती, ती खाली ठेवली. ‘आत या, बसा जरा.’

‘का वो? हिशोबात घोळ हाय का?’

‘घोळ नाही. या तरी.’ पोराला काउंटरवर उभं केलं, त्यांना फ्रिजशेजारी घेतलं. ‘एकदम सगळं मिटवताय म्हणून विचारलं.’

‘हळदीची पट्टी झाली की काल.’

म्हणजे माल विकल्याचे पैसे हातात आले होते. कारण अगदी चोख होतं. तिथंच सोडलं असतं तर चाललं असतं. पण शर्टाला इस्त्री होती, दाढी ताजी होती. पलूसच्या पोराची ओळ मी मनात एकदा म्हणून घेतली, आणि विचारलं, ‘दादा, मरावं असं येतं का हो मनात?’

ते माझ्याकडं बघतच राहिले. फ्रिज घरघरत होता. मग इतक्या मोठ्यांदा हसले की काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. ‘आवो, वैशाखात पोरीचं लगीन हाय! आत्ता कुठलं मरताय?’

मी पण हसलो, ओशाळून. मग त्यांनीच विचारलं, ‘पर असं का इचारलंसा?’ मी गुरुजींचं सांगितलं, थोडक्यात, नाव न घेता. ते ऐकत होते तोवर नोटा मोजायचे थांबले होते. ऐकून झाल्यावर परत मोजल्या, माझ्यासमोर ठेवल्या, आणि वरची शंभराची एक काढून खिशात घातली.

‘एवढं ऱ्हाऊ द्या खात्यावर. तुमच्या जिवाला बरं वाटंल.’

मी वही उघडली आणि लिहिलं, बाकी १००.